टीव्हीवर स्पेलिंग बी बघताना नेमकं काय बघायचं?

ओवीची आई

अमेरिकेतल्या स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बीच्या, म्हणजे शाळकरी मुलांच्या इंग्रजी स्पेलिंग-स्पर्धेच्या, अंतिम फेऱ्या हल्ली आमच्याकडे आवडीने बघितल्या जातात. मुलगी सहावीत, भाचा आठवीत. दोघांना गंमत वाटते, पण खेळ पुरता कळत नाही आणि मलाही समजावून सांगता येत नाही. जाणकारांनी मदत करावी.

१. माईकसमोर आलेली मुलं स्पेलिंग सांगण्याआधी एवढे प्रश्न का विचारतात? वेळ काढायला का?
२. घंटा वाजली की मूल बाद, इतकं कळतं. पण कधी कधी बाद झालेली मुलं परत रांगेत दिसतात. ते कसं काय?
३. घरी बसून सोबत खेळायचं तर शब्द आधीच पडद्यावर येतो, मग मजा जाते. यावर काही उपाय?
४. जिंकणारी इतकी मुलं भारतीय वंशाची कशी? घरात आजोबांचं मत असं की आपल्याकडे पाठांतराची परंपराच आहे. खरं का?

---

कोशकीटक

पहिल्या दोन प्रश्नांबद्दल लिहितो.

वेळ काढण्याची सोय तिथे नाहीच. उच्चार करणाऱ्याने शब्द पहिल्यांदा म्हटला की घड्याळ सुरू होतं. घड्याळ हिरवं, मग पिवळं, शेवटी लाल होतं. लाल झालं की प्रश्न बंद, फक्त अक्षरं सांगायची. म्हणून प्रत्येक प्रश्न काहीतरी कमावण्यासाठी असतो. कोणत्या प्रश्नातून काय मिळतं हे कळलं की खेळ दिसू लागतो. अक्षरं शेवटी ऐका, आधी प्रश्न ऐका.

*शब्दाची जात.* शब्दाच्या शेवटी 'अस' ऐकू आलं तर ते यू-एस की ओ-यू-एस, हे इंग्रजीतलं नेहमीचं कोडं. नाम असेल तर बहुतेक यू-एस, विशेषण असेल तर ओ-यू-एस. म्यूकस म्हणजे शेंबूड, तो यू-एस. त्याचंच विशेषण ओ-यू-एस. कानाला दोन्ही सारखेच. अशा शब्दाला जात न विचारता सुरुवात करणं म्हणजे नाणं उडवणं.

*मूळ भाषा.* हा सर्वांत किमती प्रश्न. यावर कुणीतरी सविस्तर लिहील अशी आशा आहे.

*अर्थ.* यातून दोन गोष्टी मिळतात. समान उच्चाराचे दोन शब्द असतील तर कोणता हवा ते कळतं. आणि सांगितलेल्या अर्थामध्ये 'एका वनस्पतीची प्रजाती' असं आलं तर शब्द बहुधा शास्त्रीय लॅटिनमधला आहे आणि त्यात एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाचं आडनाव दडलेलं असू शकतं.

*दुसरा उच्चार आहे का?* बघणाऱ्यांना हा प्रश्न फालतू वाटतो, पण तो धूर्त आहे. पहिल्या उच्चारात जो स्वर विरून नुसता 'अ' झालेला असतो, तो दुसऱ्या उच्चारात कधी कधी पूर्ण ऐकू येतो. तेवढ्यावर शब्द सुटतो.

*वाक्यात उपयोग.* माहितीच्या दृष्टीने सर्वांत कमी कामाचा. वाक्यं बऱ्याचदा विनोदी असतात, प्रेक्षक हसतात, मुलाला श्वास घ्यायला मिळतो. मनात स्पेलिंग जुळवायला तेवढे क्षण पुरतात.

*मूळ धातूची खात्री.* 'यात अमुक अर्थाचा अमुक ग्रीक शब्द आहे का?' असं नेमकं विचारावं लागतं: भाषा, मूळ आणि अर्थ तिन्ही सांगून. 'यात कोणता धातू आहे?' असं मोघम विचारून उत्तर मिळत नाही. म्हणजे मुलाच्या डोक्यात अंदाज आधीच तयार असतो, तो फक्त तपासून घेतला जातो. हा प्रश्न ऐकू आला की समजा, मूल शब्द आठवत नाहीये, बांधतंय.

उत्तरं देणारे गृहस्थ म्हणजे जॅक बेली. ते स्वतः 1980 चे विजेते, व्हरमाँट विद्यापीठात ग्रीक-लॅटिनचे प्राध्यापक, आणि 2003 पासून मुख्य उच्चारक. कोशात जे छापलंय त्याच्या पलीकडे ते बोलत नाहीत. शेवटचा निर्णय मेरियम-वेबस्टरच्या अनअॅब्रिज्ड कोशाचा. त्यात साडेचार लाखांहून जास्त नोंदी आहेत. 2013 चा विजयी शब्द 'नेडल' हा यिडिशमधला एका उकडीच्या गोळ्याचा शब्द. त्याच्या स्पेलिंगवर यिडिशच्या जाणकारांनी नंतर वाद घातला, पण स्पर्धेपुरता प्रश्न मिटलेला होता, कारण कोशात तसं होतं.

आता नियम. मधेच थांबून पहिल्यापासून सुरुवात करता येते, पण एकदा तोंडातून गेलेली अक्षरं बदलता येत नाहीत. त्याच क्रमाने तीच अक्षरं परत म्हणावी लागतात. हातावर बोटाने लिहिलं, हवेत टाइप केलं तरी चालतं, कागद-पेन नाही. कॅपिटल अक्षर किंवा फ्रेंच शब्दावरची चिन्हं सांगायची गरज नसते.

परत आलेल्या मुलांचं कोडं असं आहे: एका फेरीत मंचावरची सगळीच मुलं चुकली तर कुणीच बाद होत नाही, फेरी झालीच नाही असं धरून सगळे पुढे जातात. तसंच, एकटाच उरला म्हणजे जिंकला असंही नाही. त्याला आणखी एक शब्द बरोबर सांगावा लागतो. तिथे चुकला तर त्या फेरीत गेलेले परत येतात. शेवटी दोन-तीनच मुलं राहतात तेव्हा हे हटकून बघायला मिळतं.

---

धातुसाधित

मूळ भाषेबद्दल लिहितो. लांबेल, पण या खेळाचा गाभा हाच.

अडचण अशी की इंग्रजीत आघात नसलेला कोणताही स्वर विरघळून एक पुसट 'अ' होतो. त्याला श्वा म्हणतात. हा 'अ' ए, ई, आय, ओ, यू यांपैकी कशानेही लिहिलेला असू शकतो. आपल्या कानाला ही अडचण पटकन जाणवत नाही, कारण आपण इंग्रजी शब्द म्हणतानाही प्रत्येक स्वर बऱ्यापैकी स्पष्ट म्हणतो. अमेरिकन उच्चारात तो गायब होतो. स्पर्धेतल्या चुका नीट ऐका: अवघड दिसणाऱ्या व्यंजनांवर मुलं कमी पडतात, या पुसट 'अ'वर जास्त. तिथे काय लिहायचं हे फक्त मूळ भाषा सांगते.

*ग्रीक.* 'फ' ऐकू आला तर पी-एच, 'क' असेल तर बऱ्याचदा सी-एच, 'इ' असेल तर वाय असण्याची शक्यता मोठी. सुरुवातीचा 'स' हा पी-एस असू शकतो. दोन ग्रीक शब्दांना जोडणारा पुसट स्वर जवळजवळ नेहमी ओ. 2023 चा विजयी शब्द 'सॅमोफाइल', म्हणजे वाळूत वाढणारा जीव किंवा वनस्पती. वाळूचा ग्रीक शब्द 'सॅमॉस' माहीत असेल तर पी-एस आणि डबल एम मिळाले, जोडस्वर ओ, मग पी-एच-आय-एल-ई. सगळा शब्द नियमाने बांधता येतो. लॅटिन जोडशब्दांत त्याच जागी आय येतो, जसं कार्निव्होर किंवा सेंटिपीडमध्ये.

इथे एक बारकावा बरेच जण सोडतात. 'ग्रीक' हे उत्तर वेगळं आणि 'ग्रीकमधून लॅटिनमार्फत' हे वेगळं. लॅटिनमधून गाळून आलेल्या शब्दात ग्रीक 'क'चा सी होतो, ओ-आयचा ओ-ई होतो. थेट ग्रीकमधून घेतलेल्या शब्दात के आणि ओ-आय तसेच राहतात. 2018 चा विजयी शब्द 'कॉयनोनिया' थेट आलेला, म्हणून के-ओ-आय. त्याच 'कॉयनॉस' मूळापासून मठवासी साधूसाठी आलेला शब्द मात्र लॅटिनमार्गे, म्हणून सी-ई किंवा सी-ओ-ई. एकच धातू, मार्ग वेगळा, स्पेलिंग वेगळं. उच्चारक उत्तर देताना भाषांची साखळी सांगतो, ती शेवटपर्यंत ऐका.

*लॅटिन.* छळणारा प्रत्यय म्हणजे 'अन्स': ए-एन-सी-ई की ई-एन-सी-ई? लॅटिन क्रियापद 'आरे' गटातलं असेल तर ए, 'एरे' किंवा 'ईरे' असेल तर ई. 2002 चा विजयी शब्द 'प्रॉस्पिशन्स' हा 'प्रोस्पिकेरे'पासून, म्हणून ई. पण तोच प्रत्यय फ्रेंचमार्गे आला असेल तर ए असण्याची शक्यता वाढते, कारण फ्रेंचने सगळ्यांना एकच रूप लावून टाकलं. पुन्हा तेच, मार्ग विचारा.

*फ्रेंच.* 'श' म्हणजे सी-एच. शेवटी 'ओ' ऐकू आला तर ई-ए-यू, ओ-टी असे अनेक पर्याय. मुकी अक्षरं भरपूर. 2025 चा विजयी शब्द 'एक्लेरसिसमाँ', म्हणजे खुलासा. लांब दिसतो खरा, पण फ्रेंचची चाल माहीत असलेल्याला तो फार अवघड नाही: शेवटी एम-ई-एन-टी, मधे डबल एस.

*जर्मन.* 'श' म्हणजे एस-सी-एच, 'व' म्हणजे डब्ल्यू, 'त्स' म्हणजे झेड. 'आय' ऐकू आलं तर ई-आय, दीर्घ 'ई' ऐकू आली तर आय-ई. हा एक नियम पाठ केला तरी निम्मे जर्मन शब्द सुटतात. 2015 चा 'शेरेनश्निटं', कागद कातरून केलेली नक्षी, यात एस-सी-एच दोनदा येतं.

*इटालियन.* दुहेरी व्यंजनं. 2005 चा 'अपोजियातुरा' हा संगीतातला शब्द. डबल पी, डबल जी. मुलं एक जोडी लक्षात ठेवतात, दुसरी विसरतात.

*जपानी.* क म्हणजे के, सी नाही. शब्द स्वरावर किंवा एनवर संपतो. सगळ्यांत सरळ भाषा.

आता आपल्याकडचे शब्द. मराठी प्रेक्षकाला वाटतं की मूळ भाषा हिंदी किंवा मराठी आली की सोपं झालं. तसं होत नाही. हे शब्द कंपनी सरकारच्या काळातल्या साहेबांच्या कानाने लिहिलेले. त्यांनी आपल्या 'अ'साठी यू वापरला, 'ई'साठी डबल ई, आणि शेवटच्या 'आ'ला बरेचदा एच चिकटवला. पंडित, चटणी, पक्का यांत पहिला स्वर यू. नाला हा एन-यू-डबल एल-ए-एच. हौदा एच-ओ-डब्ल्यू-डी-ए-एच, पडदा पी-यू-आर-डी-ए-एच. संस्कृत पंडितांमार्फत आलेले शब्द मात्र ए वापरतात, उदाहरणार्थ धर्म, कर्म. म्हणून उत्तर 'हिंदी' आलं तर साहेबी स्पेलिंग आधी डोळ्यासमोर आणायचं, 'संस्कृत' आलं तर अक्षर-अक्षर जुळवायचं. पक्का नियम नाही, पण चांगला पहिला अंदाज आहे.

शेवटी नियम नसलेला गट: माणसांच्या आणि गावांच्या नावावरून आलेले शब्द. इथे धातू विचारून काही हाती लागत नाही. 2021 मध्ये झैला अवांत-गार्डला शेवटचा शब्द मिळाला 'मराया'. तिने विचारलं की यात मरे हे इंग्रजी नाव आहे का, एका विनोदी नटाचं असतं तसं. सभागृह हसलं, पण प्रश्न अचूक होता. योहान मरे या वनस्पतिशास्त्रज्ञावरून ते नाव पडलंय. त्यातून डबल आर आणि ए-वाय दोन्ही मिळाले. आपल्या कढीपत्त्याचं शास्त्रीय नाव वर्षानुवर्षं याच प्रजातीत होतं, आणि कुंतीची झुडपं अजूनही याच प्रजातीत आहेत. 2019 च्या विजयी शब्दांपैकी एक तर आपली बोगनवेल: बोगॅनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचं ई-वर संपणारं आडनाव आणि पुढे ए.

---

सायंशाखा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. सोबत खेळायची कृती देते.

पडद्यावर शब्द बहुधा खालच्या पट्टीत येतो, कधी बाजूला. पुठ्ठ्याची एक पट्टी कापा, पडद्याच्या खालच्या पाव भागाइतकी उंच, आणि चिकटपट्टीने लावा. यूट्यूबवर बघत असाल तर सबटायटल्स बंद करा, नाहीतर पुठ्ठ्याच्या वरून शब्द डोकावतो. व्हिडिओचं शीर्षक आणि छोटं चित्र मुलांना दाखवू नका. विजयी शब्द बऱ्याचदा तिथेच लिहिलेला असतो. रिमोट मोठ्यांच्या हातात.

वहीचं पान आडवं धरून चार रकाने करा. शब्द पहिल्यांदा ऐकला की व्हिडिओ थांबवा आणि पहिल्या रकान्यात मनात येईल ते स्पेलिंग लिहा. विचार करायचा नाही, वीस सेकंदांत उरका. दुसऱ्या रकान्यात मूळ भाषा, ती सांगितली की लगेच. तिसऱ्यात भाषा आणि अर्थ कळल्यावरचं सुधारलेलं स्पेलिंग. चौथ्यात बरोबर उत्तर. पहिला रकाना खोडायचा नाही, हे महत्त्वाचं. पहिल्यातून तिसऱ्यात काय बदललं हेच शिकायचं असतं. काहीच बदललं नाही, म्हणजे भाषेच्या उत्तराचा उपयोग केला नाही.

चूक झाली तर चुकलेल्या अक्षराभोवती गोल करा आणि बाजूला कारण एका अक्षरात: 'श्' म्हणजे पुसट स्वर, 'दु' म्हणजे दुहेरी व्यंजन, 'मु' म्हणजे मुकं अक्षर, 'ना' म्हणजे नावावरून आलेला शब्द. पंधरा-वीस शब्द झाले की कोणत्या खुणा जास्त आहेत ते मोजा. 'दु' जास्त असतील तर इटालियन आणि लॅटिन उपसर्गांवर बसा. 'मु' असतील तर फ्रेंच आणि ग्रीक. 'ना' जास्त असतील तर सोडून द्या, त्यावर वाचनाखेरीज औषध नाही.

एका बैठकीत बारा शब्दांपेक्षा जास्त नको. अंतिम फेरीचे शब्द सहावीच्या मुलीला सलग दिले तर ती एकही बरोबर आणणार नाही आणि वही बंद करेल. सुरुवात पहिल्या फेरीच्या व्हिडिओंपासून करा. तिथले शब्द स्पर्धेच्या 'वर्ड्स ऑफ द चॅम्पियन्स' या 4,000 शब्दांच्या यादीतले असतात आणि ती यादी तीन काठिण्यपातळ्यांत विभागलेली आहे. पहिल्या पातळीतले शब्द तुमच्या मुलीला नक्की झेपतील. भाच्याला दुसरी पातळी.

आपल्या शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकवतात, कोश अमेरिकन. कोशात जुनं किंवा प्रांतिक असा शेरा असलेलं रूप स्पर्धेत चालत नाही. सरावापुरतं अमेरिकन रूप लिहा आणि वहीत वेगळ्या शाईने. शाळेच्या पेपरात घोटाळा नको.

---

ओवीची आई

सर्वांचे आभार. चार रकान्यांची वही आजच करते. एक उपप्रश्न: काही वर्षांच्या व्हिडिओंत शेवटी मुलं धडाधड शब्द सांगत सुटतात आणि मधे बटण दाबतात. तो वेगळा खेळ आहे का? आणि एका फेरीत स्पेलिंग न विचारता पर्याय देऊन अर्थ विचारत होते, तेही कळलं नाही.

---

कोशकीटक

दोन्ही गोष्टी 2021 पासून आल्या, आणि त्यांचं मूळ 2019 मध्ये आहे. त्या वर्षी आठ मुलं चुकायलाच तयार नव्हती. सतराव्या फेरीनंतर आयोजकांनी जाहीर केलं की आव्हान देतील असे शब्द संपत आले, आणखी तीन फेऱ्या घेऊ, टिकतील ते सगळे विजेते. आठही टिकले. 2020 ची स्पर्धा कोविडमुळे झालीच नाही, आणि परतल्यावर नियम बदलले होते.

अर्थाची फेरी तोंडी असते. पर्यायांतून एक निवडायचा, चुकलं की बाद. नुसती स्पेलिंगं घोकणाऱ्याला ही फेरी महागात पडते. 2022 मध्ये हरिणी लोगन 'पल्युलेशन' या शब्दावर बाद ठरली होती. अपेक्षित उत्तर मधमाश्यांच्या थव्याचं होतं, तिने पक्ष्यांच्या घरट्यांचं निवडलं. पंचांनी कोश पुन्हा तपासला, तिचं उत्तरही ग्राह्य ठरलं, तिला परत बोलावलं आणि ती जिंकली. पंच निर्णय फिरवतात, ते असं.

धडाधड शब्दांच्या फेरीला स्पेल-ऑफ म्हणतात. नेहमीच्या फेऱ्यांत निकाल लागत नसेल तर 90 सेकंद, दोघांना एकच यादी, आणि दुसऱ्याला ऐकू येणार नाही अशा ठिकाणी ठेवलेलं. एक शब्द सांगून बटण दाबलं की पुढचा. 2022 मध्ये हरिणी लोगनचे 21 बरोबर, विक्रम राजूचे 15. 2024 मध्ये बृहत सोमाचे 29, फैझान झाकीचे 20. नव्वद सेकंदांत 29 म्हणजे एका शब्दाला सरासरी तीन सेकंदांच्या आसपास. इथे वर सांगितलेलं प्रश्नांचं शास्त्र पूर्ण बाजूला पडतं, वेळच नसतो. जे आधीपासून पाठ आहे तेच निघतं. माझं मत विचाराल तर हा भाग टीव्हीसाठी छान, पण खेळाचा जीव त्यात नाही.

2025 ची अंतिम फेरी मुलांना मुद्दाम दाखवा. प्रश्न न विचारण्याची किंमत इतकी स्वच्छ क्वचितच दिसते. तिघं उरले होते. दोघं चुकले, झाकीसमोर वाट मोकळी. शब्द आला 'कॉमेलिना'. त्याने काहीही न विचारता जोरात सुरुवात केली: के-ए-एम, आणि थबकला. तोंडातून गेलेला के परत घेता येत नाही. त्याने स्वतःच पंचांना घंटा वाजवा म्हणून सांगितलं. अर्थ विचारला असता तर वनस्पतीची प्रजाती कळली असती, त्यातून शास्त्रीय लॅटिन, म्हणून सी. कॉमेलिन हे डच वनस्पतिशास्त्रज्ञांचं आडनाव आहे. शेतात तण म्हणून उगवणारा, पावसाळ्यात भाजी होणारा आपला केना त्याच प्रजातीतला. तिघंही चुकल्याने नियमाप्रमाणे तिघंही परत आले, आणि पुढे झाकीच जिंकला.

---

डॅलसकर

चौथ्या प्रश्नावर. आजोबांचा मान ठेवून सांगतो, पाठांतराची परंपरा हे उत्तर पुरत नाही. तसं असतं तर 1925 पासून चाललेल्या स्पर्धेत पहिला भारतीय वंशाचा विजेता 1985 पर्यंत थांबला नसता. बालू नटराजन, शब्द 'मिल्यू'. त्याआधी इकडे भारतीय घरंच मोजकी होती. 1965 च्या कायद्याने स्थलांतराची दारं उघडली आणि आले ते बहुतांश उच्चशिक्षित, इंग्रजी येणारे, मुलांच्या अभ्यासाला वेळ आणि पैसा देऊ शकणारे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं: सरावाची मैदानं. नॉर्थ साऊथ फाउंडेशन ही भारतीयांची संस्था 1989 पासून आहे. भारतातल्या गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी निधी जमवते, आणि अमेरिकेत गावोगावच्या केंद्रांवर मुलांच्या स्पर्धा घेते. 2008 पासून साऊथ एशियन स्पेलिंग बीही आहे. मुलगा राष्ट्रीय मंचावर पोचतो तोवर माईक, घंटा, घड्याळ यांची भीती बरीचशी मेलेली असते. 1999 ला नूपुर लाला जिंकली तेव्हा स्पर्धा ईएसपीएनवर दिसत होती, आणि बऱ्याच घरांत त्यानंतर हा खेळ शिरला. आता तर माजी स्पर्धकच शिकवण्या घेतात, शब्दांच्या याद्या बांधून विकतात.

मराठी नावं शोधायची तर 2019 च्या आठांमध्ये आमच्या डॅलसचा सोहम सुखटणकर होता, शब्द 'पेंडेलोक', हिऱ्याला पाडायचा थेंबासारखा घाट. 2025 चा उपविजेता कॅलिफोर्नियाचा सर्वज्ञ कदम. झाकीही डॅलसजवळच्या अॅलनचा.

भाच्याला भाग घ्यायची इच्छा होईल म्हणून सांगून ठेवतो: मुलं आठवीपर्यंतचीच, आणि प्रवेश मुख्यतः अमेरिकेतल्या शाळांमधून, शिवाय कॅनडा, घाना, बहामाज अशा मोजक्या देशांतून.

---

नदीकाठ

थेट बघायचं असेल तर गेल्या काही वर्षांत अंतिम फेरी गुरुवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला असते, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाच. 2022 पासून प्रक्षेपण स्पर्धा भरवणाऱ्या स्क्रिप्स कंपनीच्या स्वतःच्या आयन वाहिनीवर आहे, ईएसपीएनवर शोधू नका. त्याआधीच्या वर्षांचे व्हिडिओ मात्र ईएसपीएनचेच सापडतील.

आणि घरच्या पंचांसाठी एक: तिकडची मुलं झेडला 'झी' म्हणतात. घाईत ते जी किंवा सी वाटतं, विशेषतः स्पेल-ऑफमध्ये. अक्षर चुकीचं ऐकलं असं वाटलं तर वहीत लगेच काट मारू नका. मागे नेऊन अर्ध्या वेगाने परत ऐका, यूट्यूबवर सेटिंग्जमध्ये प्लेबॅक स्पीड शून्य पॉइंट पाच करता येतो. एम आणि एन यांनाही तीच युक्ती.